आठवड्याची मालकी

गेल्या श्रावणांत आमचा एक जुना विद्यार्थी इंदापुराहून बारामतीस आमच्या घरीं आला, तो बगलेंत एक जाडजूड फाईल घेऊनच. उजनीच्या पाण्याच्या कांठीं, भिगवणच्या बाजूस, त्याचें एक लहानसें रिसॉर्ट आहे. चौदा खोल्या, एक भोजनगृह आणि पाण्यावर फिरावयास चार होड्या. हिवाळ्यांत रोहित पक्षी पाहावयास पुण्यामुंबईचीं कुटुंबें येतात, तेव्हां खोल्या पुरत नाहींत. एकदां पक्षी गेले कीं बहुतेक खोल्यांना कुलूप लागतें. बँकेचें कर्ज मात्र बारा महिने जागें असतें. यावर पुण्याच्या एका सल्लागारानें त्यास तोड काढून दिली ती अशी, कीं खोल्या रोज भाड्यानें देत बसण्याऐवजीं त्यांचे आठवडे विकून टाकावे. वर्षाचे आठवडे ५२. त्यांतला एक डागडुजीस राखला, म्हणजे खोलीमागें ५१ उरले. चौदा खोल्यांचे ७१४ आठवडे झाले. प्रत्येकास दीड लाख रुपये धरले तर दहा कोटी एकाहत्तर लाख. घेणाऱ्यानें पंचवीस वर्षें दरसाल आपल्या आठवड्यास यावें, राहावें, जावें, आणि दरसाल देखभालीची वर्गणी भरावी. यासच टाइमशेअर म्हणतात.

तो हिशेब तपासून घ्यावयास आला नव्हता. हिशेबांत आम्ही किती कच्चे आहों हें त्यास वर्गांतच समजलें होतें. त्यास हवी होती माहितीपत्रकासाठीं आमची प्रस्तावना. "सर, आपण चार ओळी लिहिल्या, तर आपल्या ओळखीचीं निवृत्त मंडळी विश्वासानें घेतील," असें तो सरळपणें म्हणाला. ही निवृत्त मंडळी म्हणजे कोण हें आम्हांस ठाऊक होतें. तीस-तीस वर्षें शिकवून ज्यांनीं ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेंत ठेवली आहे, आणि जिच्या व्याजावर औषधें येतात, तीं आमच्या शेजारच्या आळींतलीं माणसें. तेव्हां प्रश्न केवळ तर्काचा राहिला नाहीं.

प्रथम आम्हांस हंसूंच आलें. शेत विकतात, घर विकतात, बैल विकतात; पण आषाढांतला दुसरा आठवडा विकला असें कोणीं ऐकलें आहे? परंतु हंसूं ओठांवर असतांनाच लक्षांत आलें, कीं ज्या मुलखांत बसून आम्ही हंसत आहों, त्याचा निम्मा व्यवहार याच रीतीनें चालत आला आहे.

सामाईक विहिरीचें घ्या. बापानें विहीर खणली, मुलगे तीन झाले. जमिनीचे तीन तुकडे पडतात, विहिरीचे पडत नाहींत. मग वांटणी होते ती वारांची. थोरल्याचे सोमवार-मंगळवार, मधल्याचे बुधवार-गुरुवार, धाकट्याचे शुक्रवार-शनिवार, आणि रविवार आळीपाळीनें. नातवांच्या पिढींत वारांचे प्रहर होतात, प्रहरांचे तास होतात. मोटेच्या जागीं विजेचा पंप आल्यापासून तर कोणत्या तासास वीज असते यावरून सख्खे चुलतभाऊ एकमेकांशीं बोलेनासे होतात. जमीन विकतांना खरेदीखतांत विहिरींतील पाण्याच्या पाळीसह असा उल्लेख येतो. म्हणजे आठवड्यांतले अमुक तास आमच्याकडे मुद्रांकाच्या कागदावर खुशाल विकले जातात आणि कोणास त्याचें नवल वाटत नाहीं. कालव्याचेंही तेंच. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्यांनीं त्यावर ब्लॉक पद्धति बसविली. आवर्तन सुटलें कीं शेजपाळीनें ज्याचा नंबर त्याचें पाणी. रात्रीं दोन वाजतां पाळी आली, तर थंडींत बॅटरी घेऊन दोन वाजतांच बांधावर उभें राहावें लागतें. दोनची पाळी आठ वाजतां मागतां येत नाहीं. वतनें होतीं तेव्हां पाटिलकीचें काम भाऊबंदांत पाळीनें फिरे. देवाच्या पूजेचीसुद्धां पाळी असे, ती वंशपरंपरेनें उतरे, आणि तिची वांटणी दिवसांनीं होई. पंढरपुरांत बडवे-उत्पातांचे असे हक्क १९७३ च्या कायद्यानें काढले गेले, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयांत २०१४ सालीं मिटला.

तेव्हां वस्तु अखंड ठेवून तिचा काळ वांटावा ही युक्ति आल्प्सच्या पायथ्याशीं निघाली असें मानावयाचें कारण नाहीं. आतांच्या रूपांत ती तेथूनच आली हें खरें. १९६० नंतरच्या दशकांत फ्रान्स-स्वित्झर्लंडांत सुट्टीच्या निवासांचे वांटे विकले जाऊं लागले. १९७३-७४ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेंत, विशेषतः फ्लॉरिडांत, बांधून पडलेल्या सदनिकांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हां अख्खी सदनिका घेणारा नाहीं तर आठवडा घेणारे पन्नास मिळवावे असें तेथील बांधणाऱ्यांनीं ठरविलें. १९७४ त निघालेल्या आर.सी.आय. या संस्थेनें एकाचा आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशीं बदलून देण्याची सोय केली. आपल्याकडे स्टर्लिंग ही कंपनी १९८६ सालीं निघाली, महिंद्रची सुट्ट्यांची कंपनी १९९६ सालीं. लोणावळें, महाबळेश्वर, गोवें येथें हा व्यवहार आतां इतका रुळला आहे, कीं लग्नाच्या पंक्तींत शेजारचा गृहस्थ आपण कोणत्या रंगाच्या हंगामाचे सभासद आहों हें गोत्र सांगावें तसें सांगतो.

विहिरीच्या पाळीची गोष्ट आम्हीं विद्यार्थ्यास सांगितली, हें आमचें चुकलें. तो फार खूष झाला. "मग सर, मी नवीन काय करतों आहें? पाण्याऐवजीं खोली, एवढेंच ना?"

एवढेंच नव्हे, हें आम्हांस कळत होतें. पण काय अधिक आहे तें त्या वेळीं नीट सांगतां येईना. पुढें दोनचार दिवस फिरावयास जातांना तोच विचार डोक्यांत राहिला.

विहिरीच्या तिन्ही भावांनीं विहीर पाहिलेली असते. तिला उन्हाळ्यांत किती पाणी राहतें, कोणत्या बाजूचा झरा आटला, हें तिघांनाही सारखेंच ठाऊक. गाळ काढावयाचा झाला कीं खर्च तिघांवर पडतो, आणि पडतो म्हणूनच तिघेही कांठावर उभे राहून काम कसें चाललें आहे तें पाहतात. त्यांतला एकही विहिरीचा धंदा करीत नाहीं. उलट टाइमशेअरच्या एका पलंगावर वर्षांत एकावन्न कुटुंबें निजून जातात, आणि त्यांतलें एक दुसऱ्यास ओळखत नाहीं. त्यांना जोडणारा धागा एकच, विकणारा. दुसरें असें, कीं भावांची मालकी विहिरीवर आहे, पाळी ही त्या मालकीची केवळ मांडणी आहे. टाइमशेअरचा करार आपल्या देशांत बहुधा असा असतो, कीं इमारत कंपनीची, जमीन कंपनीची, आणि सभासदास मिळतो तो राहण्याचा हक्क. कायद्याच्या भाषेंत मालकीपेक्षां परवान्याजवळचा. विकत घेतलें असें म्हणत तो घरीं येतो, आणि पेटींत ठेवतो तें एक वचन असतें.

वचन विकणें हें पाप नव्हे. विमा म्हणजे वचन, नोट म्हणजेही वचनच. परंतु वचनाची किंमत वचन देणाऱ्याच्या पुढच्या वागणुकींत असते, आणि येथें ती सगळी किंमत पहिल्या दिवशींच वसूल होते. रोजच्या भाड्यावर चालणारें हॉटेल रोज परीक्षेस बसतें. चादर मळकी निघाली तर पाहुणा उद्यां येत नाहीं. ज्यानें पंचवीस वर्षांचें भाडें आगाऊ घेतलें, त्यास चादर धुवावयास लावणारें त्याच्या सद्‌वर्तनावांचून दुसरें काय उरतें? देखभालीची वर्गणी उरते खरी. पण ती किती असावी हें तोच ठरवितो. पंचवीस वर्षांचा पगार ज्यास आगाऊ मिळाला आहे अशा प्राध्यापकाकडून आमचे वाचक किती व्याख्यानांची अपेक्षा करतील? (पगार आगाऊ न मिळतांही आम्हां लोकांची व्याख्यानें कशीं होतात, हा विषय निराळा.)

कांट या तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत खोट्या वचनाचें उदाहरण घेतलें आहे. परत देतां येणार नाहीं हें जाणून, देईन असें सांगून कर्ज काढणारा मनुष्य. सर्वच जण असें करूं लागले तर वचन या वस्तूसच अर्थ उरणार नाहीं, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. परंतु आमचा विद्यार्थी त्या उदाहरणांत बसत नाहीं. तो लबाड नाहीं. पंचवीस वर्षें आपण नीट चालवूं असें त्यास मनापासून वाटतें. मनापासून वाटणारें, पण ज्याचा आधार केवळ उमेद आहे, असें वचन देणाऱ्यास काय म्हणावें, हें कांटच्या उदाहरणावरून सांगतां येत नाहीं. आणि जगांतलीं बहुतेक मोडलेलीं वचनें तर याच जातीचीं असतात.

येथें आमचीच एक गोष्ट सांगणें भाग आहे, कारण ती लपवून हा लेख लिहिणें बरें दिसणार नाहीं. २००६ सालीं पुण्याच्या एका हॉटेलांत आम्हांस सपत्नीक भोजनास बोलावणें आलें. जेवण चांगलें होतें. जेवणानंतर एका तरुणानें समुद्राचीं, डोंगरांचीं चित्रें दाखविलीं; मग त्याचा वरिष्ठ आला; मग वरिष्ठाचा वरिष्ठ. तीन तास गेले. धाकटी कन्या खुर्चींतच झोंपली. "ही सवलत आज रात्रींपुरतीच" असें तिसऱ्या वेळीं ऐकल्यावर आम्हीं सही केली. ती पटलें म्हणून केली कीं घरीं जावयाचें होतें म्हणून, हें आजही सांगतां यावयाचें नाहीं. कराराची मुदत तेहेतीस वर्षें. इतक्या वर्षांत आम्ही चार वेळां गेलों. दिवाळी मागितली तर जागा नसे, मे मागितला तर जागा नसे. जुलईंत पाहिजे तेवढी. वर्गणी मात्र दरसाल वाढत गेली. लबाडी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. करारांत सगळें लिहिलेलें होतें. तो आम्हीं वाचला नव्हता, आणि ज्याचा धंदा वाचनाचा त्यानें वाचला नाहीं हें सांगावयास अजून लाज वाटते.

परंतु दमवून मिळविलेल्या संमतीस संमति म्हणावें काय? युरोपांतल्या कायद्यानें याचें उत्तर सरळ दिलें आहे. १९९४ च्या नियमाप्रमाणें घेणाऱ्यास मन बदलण्यास दहा दिवस होते, २००८ च्या नियमानें ते चौदा झाले, आणि त्या मुदतींत विकणाऱ्यानें एक पैसा घ्यावयाचा नाहीं. तहाच्या रात्रीं केलेली सही सकाळीं ताज्या डोक्यानें पुन्हा पाहावी, एवढाच त्यांतला भाव. आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचा कायदा आहे, पण टाइमशेअरसाठीं असा वेगळा नियम नाहीं. जेथें सुट्टीच्या नांवाखालीं मुदतअखेर वाढवून पैसे परत देण्याची आशा दाखविली गेली, तेथें मात्र सेबीला मधें पडावें लागलें. मुंबईच्या रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीची योजना म्हणजे सुट्टीची विक्री नसून लोकांकडून पैसे गोळा करण्याची सामूहिक गुंतवणूक योजनाच होय, असें ठरवून सेबीनें २०१५ सालीं पैसे परत करण्याचा हुकूम दिला. तेथें पैसे अडकले ते हप्त्यानें भरणाऱ्या साध्या माणसांचे.

यापेक्षां खोल गेलेला विचार आम्हांस जॉन स्टुअर्ट मिलच्या १८४८ च्या अर्थशास्त्रांत सांपडतो. प्रत्येकास आपलें हित आपणच चांगलें कळतें, म्हणून सरकारनें मधें पडूं नये, असें म्हणणारा हा ग्रंथकार. पण त्यानें एक अपवाद ठेवला आहे. दूरच्या काळीं आपल्या हिताचें काय असेल तें जो मनुष्य आजच, माघार न घेतां येईल अशा रीतीनें ठरवून टाकतो, त्याच्या निवाड्यावर एवढा विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. कारण तो ज्या अनुभवावरून निवाडा करतो तो अनुभवच त्यास अजून आलेला नसतो. अडतिसाव्या वर्षींच्या आम्हीं एकाहत्तराव्या वर्षींच्या आम्हांस समुद्रावर पाठविण्याचें कबूल केलें. त्या म्हाताऱ्यास कोणीं विचारलें होतें? त्याचे गुडघे कसे असतील, बरोबर कोण असेल, याची अडतिसाव्या वर्षाच्या गृहस्थास काय खबर? थोरल्या कन्येनें तर उरलेलीं वर्षें बक्षीस म्हणून घ्यावयासही नाहीं म्हटलें आहे. वारसांनीं ज्या इस्टेटीस नको म्हणावें, तिला इस्टेट म्हणावें काय?

हें सारें विद्यार्थी दुसऱ्यांदा आला तेव्हां आम्हीं त्यास ऐकविलें, आणि ओघांत मामाच्या गांवाविषयीं बोललों. आमच्या लहानपणीं मे महिना आजोळचा असे. कागद नाहीं, वर्गणी नाहीं. पण भाचरें येणार म्हणून आमरसाचें पातेलें मोठें निघे, आणि नाहीं गेलों तर मामाचें पत्र येई. इंदापुरास तुकोबांची पालखी दरसाल मुक्कामास येते. काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या पडतात, बेलवाडीस रिंगण होतें. लाखों माणसें ठराविक दिवशीं ठराविक गांवीं उतरतात, जेवतात, निजतात, पुढें जातात. त्यांचा हक्क कोणी विकलेला नाहीं, आणि तो कोणी नाकारीतही नाहीं. वाट पाहिली जाणें हीच खरी पाळी, असें कांहींसें आम्ही म्हणालों, आणि म्हणतांना आपलें वाक्य बरें साधलें असें आम्हांस वाटलें.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मामींना कोणी विचारलें होतें का?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि अजून नाहीं. चौदा भाचरांचा स्वयंपाक, चौदा आंथरुणें, दोन कळशा पाण्यासाठीं आडावरच्या खेपा, हें सगळें ज्या बाईच्या पाठीवर चाले तिच्या मे महिन्याचा वांटा कोणाचा होता? आमच्या मामीनें उभ्या आयुष्यांत थंड हवेचें ठिकाण पाहिलें नाहीं. टाइमशेअरच्या खोलींत चादर बदलणाऱ्या बाईस निदान महिन्याचा पगार मिळतो. ज्या व्यवहारास आम्ही प्रेमाचा म्हणून वर ठेवीत होतों, त्याचा खर्च दुसऱ्याच कोणीं भरला होता. आम्हीं तें वाक्य मनांतल्या मनांत परत घेतलें.

त्याचें बोलणें संपलें नव्हतें. "आणि सर, पंचवीस वर्षांची मालकी ही खोटी, कायमची ती खरी, असें आपण आम्हां लोकांना सांगूं नका. आमच्या आजोबांची कायमची जमीन त्या पाण्याखालीं आहे."

हें आम्हांस माहीत असावयास हवें होतें. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. भीमेच्या कांठचीं गांवें पाण्यांत गेलीं, लोक वर सरकले. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पळसदेवाचें जुनें हेमाडपंती देऊळ वर येतें, आणि उघड्या पडलेल्या गाळांत लोक गाळपेर करतात. पाऊस लागला कीं तीच जमीन पुन्हा नदीची. आजोबांचें शेत नातवास वर्षांतले कांहीं आठवडे दिसतें, बाकीचे आठवडे त्यावरून होड्या जातात. आणि त्या होड्यांवर त्याचें पोट चालतें. अशा मनुष्यास मालकीचें तत्त्वज्ञान शिकवावयास बारामतीच्या प्राध्यापकानें जरा जपूनच उभें राहावें.

तरी प्रस्तावना आम्हीं लिहिली नाहीं. त्याऐवजीं त्याच्या मसुद्याच्या पाठीवर पेन्सिलीनें अटी लिहून दिल्या. आठवडा विकावयाचा तर ठरलेला विकावा. जागा असली तर मिळेल असा तरंगता विकूं नये, कारण पाळीस वेळ नसेल तर ती पाळीच नव्हे. निम्म्याच खोल्यांचे आठवडे विकावे, निम्म्या भाड्याच्या ठेवाव्या, म्हणजे रोजची परीक्षा चुकणार नाहीं. आलेल्या पैशांतला मोठा भाग वेगळ्या खात्यांत राहावा आणि वर्षावर्षानें मोकळा व्हावा. आधीं सेवा, मग वेतन. चौदा दिवस मन बदलण्यास द्यावे. घेणारा वारला किंवा थकला तर उरलेलीं वर्षें परत घ्यावीं. सभासदांची वर्षांतून एकदां सभा भरवावी, म्हणजे एका पलंगावर निजणारे एकमेकांचें तोंड तरी पाहतील. आणि भोजनास कोणास बोलावूं नये.

त्यानें कागद वाचला. "इतकें केल्यावर बँकेचें कर्ज फिटावयास बारा वर्षें लागतील," तो म्हणाला. लागतील, हें आम्हीं कबूल केलें. भाड्यानेंही तितकींच लागतात, हें त्यानें कबूल केलें. मग बराच वेळ चहा झाला.

महिन्याभरानें टपालानें एक तक्ता आला. सात खोल्या, एकावन्न आठवडे, आणि प्रत्येक आठवड्यासमोर त्या दिवसांत काय असेल तें त्यानें स्वतःच्या अक्षरांत लिहिलें होतें. जानेवारीसमोर, "पक्षी भरपूर, पहांटे थंडी, गर्दी". एप्रिलअखेरीस, "पक्षी बहुतेक गेलेले". मेच्या तिन्ही-चारी आठवड्यांसमोर, "पाणी फार मागें गेलेलें, होडीपर्यंत चालावें लागतें, उकाडा, दुपारीं वीज जाते". अशा विक्रेत्याचें काय होणार ही चिंता आम्हांस वाटली, आणि त्याच वेळीं गल्लींतल्या निवृत्त मंडळींस तो तक्ता दाखवावा असेंही वाटलें. अजून दाखविला नाहीं.

तो आमच्या टेबलावर चार दिवस पडून होता. पांचव्या दिवशीं पाहिलें तों एका आठवड्यापुढें घरांतून पेन्सिलीची बारीक खूण झालेली. विचारलें, तर उत्तर मिळालें कीं त्या आठवड्यांत पालखी इंदापुरास असते. पाण्यावर राहावें आणि पहांटे गाडीनें जाऊन दर्शन घ्यावें. आम्हीं पंचांग काढून दाखविलें, कीं पालखी येते ती तिथीनें, आणि हा आठवडा आहे तारखेचा; अधिक मास पडला कीं दोहोंची गांठ पडावयाची नाहीं. विद्यार्थ्यास दूरध्वनीवर ही अडचण सांगितली. तो म्हणाला, तिथीनें आठवडा विकतां येतो कां, हें वकिलांना विचारून कळवितों.